३-४-५ च्या पुढे: काटकोन त्रिकोणाच्या पूर्ण आकड्यातल्या बाजू कशा शोधायच्या आणि वावरात, प्लॉटवर कशा वापरायच्या

मी नववीत होते तेव्हा बाबांनी निफाडकडच्या आमच्या वावरात द्राक्षाची नवी बाग लावायला घेतली. दोन ओळींत ९ फूट, दोन झाडांत ५ फूट, आणि एकेक ओळ ३०० फूट लांब. आखणीला जो माणूस आला होता त्याने वरच्या बांधाला दोरी ताणली, कोपऱ्यात छोट्या टेपने एकीकडे ३ फूट, दुसरीकडे ४ फूट अशा खुणा केल्या, तिरकं ५ फूट भरलं की नाही बघितलं आणि तिथून चुना टाकत थेट खालच्या बांधापर्यंत गेला. सगळं अर्ध्या तासात. रोपं लागली, पुढे अँगल उभे करायला घेतले तेव्हा लक्षात आलं की पहिली ओळ वरच्या टोकाला कडेच्या बांधापासून ६ फुटांवर आहे आणि खालच्या टोकाला १६ फुटांवर. पलीकडच्या बाजूला अर्थात उलटं झालेलं, तिकडच्या शेवटच्या दोन ओळी खाली शेजारच्यांच्या बांधात घुसत होत्या म्हणून मध्येच तोडाव्या लागल्या आणि इकडे एक लांबट तिकोनी पट्टा कायमचा रिकामा राहिला.

३-४-५ तर खोटं नाही, मग चुकलं काय? हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं होता आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत मला या आकड्यांचं वेडच लागलं. आता मी नाशिकच्या सिडकोत आठवी ते दहावीच्या मुलांचे क्लास घेते आणि दरवर्षी बघते की मुलांना ३-४-५ आणि ५-१२-१३ पाठ असतं, फार तर ८-१५-१७, पण हे आकडे येतात कुठून आणि आपल्याला हवी तशी बाजू असलेला त्रिकोण स्वतः कसा काढायचा हे विचारलं की गप्प. म्हणून सगळं एका जागी लिहितेय. वही-पेन घेऊन बसा, नुसतं वाचून यातलं काही डोक्यात राहत नाही.

आधी चाचणी, मग पट

काटकोन त्रिकोणात काटकोनाला लागून असलेल्या दोन बाजूंचे वर्ग मिळवले की कर्णाचा वर्ग येतो आणि उलटही खरं आहे, म्हणजे तीन बाजूंत हे गणित जमलं तर मोठ्या बाजूसमोरचा कोन काटकोनच असणार. आखणीला आपण हे उलटंच वापरतो. तिन्ही बाजू पूर्ण संख्येत असल्या तर त्याला पायथागोरसचं त्रिकुट म्हणायचं. ५-१२-१३ घ्या, २५ + १४४ = १६९, आणि १६९ म्हणजे १३ चा वर्ग, जमलं. ४-५-६ घ्या, १६ + २५ = ४१, पाहिजे होते ३६, नाही जमलं, विषय संपला.

एक त्रिकुट हातात आलं की तिन्ही आकड्यांना एकाच संख्येने गुणा, नवं त्रिकुट तयार. ६-८-१०, ९-१२-१५, १५-२०-२५, ३०-४०-५०. बाजारात ३० बाय ४० चा प्लॉट म्हणतात ना, १२०० स्क्वेअर फुटाचा, त्याचा कर्ण बरोबर ५० फूट येतो, एक सूतही इकडेतिकडे नाही. असा प्लॉट घेतला असेल तर दोन माणसं आणि एक लांब टेप घेऊन जा आणि दोन्ही तिरपी अंतरं मोजा. दोन्ही ५० आली तर प्लॉट गुण्यात आहे, म्हणजे चारही कोपरे काटकोनात. एक ५१ च्या आसपास आणि दुसरं ४९ च्या आसपास आलं तर चारही बाजू बरोबर असूनही प्लॉट कलला आहे, समांतरभुज चौकोन झालाय. बाजू मोजून हे कधीच सापडत नाही म्हणून सांगतेय.

ज्या त्रिकुटातल्या तिन्ही आकड्यांना एकाच संख्येने भाग जात नाही त्याला आम्ही क्लासमध्ये मूळचं त्रिकुट म्हणतो, ३-४-५ मूळचं, ९-१२-१५ त्याची तिप्पट. १०० पर्यंत कर्ण असलेली मूळची त्रिकुटं फक्त १६ आहेत, आणि पटीतली धरून एकूण ५२.

एक आकडा द्या, त्रिकोण घ्या

सगळ्यात सोपी युक्ती आधी. कुठलीही विषम संख्या घ्या, ३ किंवा त्याहून मोठी. तिचा वर्ग करा आणि त्या वर्गाचे लागोपाठचे दोन भाग पाडा. ७ चा वर्ग ४९, लागोपाठचे भाग २४ आणि २५, झालं ७-२४-२५. ९ चा वर्ग ८१, भाग ४० आणि ४१, तर ९-४०-४१. ११ ला १२१, भाग ६० आणि ६१.

हे का जमतं ते पोरांना मी ठिपक्यांच्या रांगोळीने दाखवते, आणि मला स्वतःला या अख्ख्या विषयातलं हेच सगळ्यात आवडतं म्हणून इथे जरा थांबा. अंगणात चार ओळी, प्रत्येकीत चार ठिपके असे काढा, १६ ठिपक्यांचा चौरस झाला. आता त्याचा पाच बाय पाच करायचा आहे. उजवीकडे एक उभी ओळ वाढवाल, चार ठिपके. खाली एक आडवी ओळ, चार ठिपके. आणि कोपरा रिकामा राहतो तिथे एक. एकूण ९ ठिपके लागले. आता हे नऊ ठिपके तिथून उचलून बाजूला नीट मांडले तर काय होतं? त्यांचा स्वतःचाच तीन बाय तीनचा चौरस होतो! म्हणजे ४ चा चौरस आणि ३ चा चौरस मिळून ५ चा चौरस, डोळ्यासमोर, एकही सूत्र न लिहिता. पुढे जा, १२ बाय १२ ला असा एक पदर लावायला १२ आणि १२ आणि कोपऱ्यातला १ असे २५ ठिपके लागतात, आणि २५ चा पुन्हा पाच बाय पाच होतो, तर ५-१२-१३. पदराला लागणारे ठिपके नेहमी विषम असतात, ३, ५, ७, ९, ११ असे एकही विषम न सोडता, आणि विषम संख्येचा वर्ग हाही विषमच, त्यामुळे तो कुठल्या ना कुठल्या पदरात सापडणारच. म्हणून ही युक्ती कधी फसत नाही.

सम संख्या असेल, ४ किंवा त्याहून मोठी, तर तिचा अर्धा करा, अर्ध्याचा वर्ग करा, त्यातून एक कमी आणि त्यात एक जास्त. ८ चा अर्धा ४, वर्ग १६, मग १५ आणि १७, तर ८-१५-१७. १२ चा अर्धा ६, वर्ग ३६, तर १२-३५-३७. रांगोळीत इथे एकाऐवजी दोन पदर लागतात, १५ च्या चौरसाला पहिला पदर ३१ चा, दुसरा ३३ चा, मिळून ६४. फक्त ६, १०, १४ अशा संख्यांना ही युक्ती मूळचं त्रिकुट देत नाही, दुप्पट देते, ६ ला ६-८-१० येतं. चुकीचं नाही, पण ओळखता आलं पाहिजे.

खरी किल्ली: वर्गाचे अवयव

वरच्या युक्त्या एका आकड्याला एकच त्रिकोण देतात. पण समजा तुमच्या ओट्याची रुंदी १२ फूट आहे आणि १२ बाजू असलेले सगळेच त्रिकोण हवेत, कारण १२-३५-३७ साठी ३५ फूट जागा लागते आणि तुमच्याकडे आहे १० फूट. इथे पाठांतर कामाला येत नाही.

आठवीतलं सूत्र आठवा, दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. कर्णाच्या वर्गातून एका बाजूचा वर्ग वजा केला की दुसऱ्या बाजूचा वर्ग उरतो. म्हणजे कर्ण आणि बाजू यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी बरोबर दिलेल्या बाजूचा वर्ग. बस, एवढंच. आता करायचं काय तर दिलेल्या बाजूचा वर्ग घ्यायचा, तो दोन संख्यांच्या गुणाकारात जितक्या प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारे लिहायचा, आणि प्रत्येक जोडीत दोघांच्या बेरजेचा अर्धा म्हणजे कर्ण, वजाबाकीचा अर्धा म्हणजे दुसरी बाजू.

१२ चा वर्ग १४४:

२ × ७२: बेरीज ७४, अर्धा ३७, वजाबाकी ७०, अर्धा ३५. म्हणजे १२-३५-३७
४ × ३६: १२-१६-२०
६ × २४: ९-१२-१५
८ × १८: ५-१२-१३

१ × १४४, ३ × ४८ आणि ९ × १६ या जोड्या सोडून द्यायच्या कारण एक सम एक विषम आहे, बेरीज विषम येते आणि अर्धा अपूर्णांकात जातो. १२ × १२ पण सोडायची, वजाबाकी शून्य, त्रिकोणच उरत नाही. म्हणजे बाजू १२ असलेले पूर्ण आकड्यांचे त्रिकोण फक्त चार, पाचवा कोणी दाखवूच शकत नाही. आणि ओट्याला काय वापरायचं हेही दिसलं, ९-१२-१५ बसतो, १० फूट जागेत ९ फूट मावतात. जागा अजून कमी असती तर ५-१२-१३.

आता १५ स्वतः करून बघा. वर्ग २२५, जोड्या १ × २२५, ३ × ७५, ५ × ४५, ९ × २५. उत्तरं १५-११२-११३, १५-३६-३९, १५-२०-२५ आणि ८-१५-१७. हे न बघता आलं तर तुम्हाला विषयातलं निम्मं आलं असं समजा. आणि ७ केलं तर? ४९ च्या जोड्या १ × ४९ आणि ७ × ७, दुसरी बाद, म्हणून ७ ला एकच त्रिकोण. २ सोडून बाकी कुठलीही मूळ संख्या काटकोनाची बाजू असेल तर तिला असंच, एकच. १ आणि २ ला तर एकही नाही. ३ पासून पुढे मात्र एकही संख्या रिकामी नाही, प्रत्येकीला किमान एक त्रिकोण आहेच.

ही किल्ली जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० सालच्या, मोर आणि सापाचं गणित आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, साप खांबाच्या उंचीच्या तिप्पट म्हणजे २७ हात लांबून बिळाकडे येतोय, मोर झेप घेतो, दोघांनी सारखंच अंतर कापलं तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? मुलं इथे लगेच समीकरण मांडायला लागतात. पण बघा, गाठ पडली तिथपासून बिळापर्यंतचं अंतर आणि मोराची तिरकी झेप यांची बेरीज २७ आहे कारण झेप तेवढंच साप चाललाय. बाजू ९, वर्ग ८१, आणि ८१ = २७ × ३. बेरीज २७, वजाबाकी ३, मग कर्ण १५ आणि बाजू १२. बारा हातांवर. त्यातलंच मोडलेल्या बांबूचं गणित, ३२ हात बांबू वाऱ्याने मोडला आणि शेंडा बुडापासून १६ हातांवर टेकला, कुठे मोडला? १६ चा वर्ग २५६ = ३२ × ८, तर कर्ण २०, बाजू १२, म्हणजे १२ हात उंचीवर मोडला. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने शिष्यांसाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे, नाशिकहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, मुलांना घेऊन नक्की जा.

कर्ण दिला असेल तर

इथे अवयवांची युक्ती तशीच चालत नाही कारण आता वर्गांची वजाबाकी नाही, बेरीज आहे. हाताने करायचं तर कर्णाच्या वर्गातून १, ४, ९, १६ असे वर्ग वजा करत जायचं आणि पूर्ण वर्ग उरला की लिहून घ्यायचं. छोटी बाजू कर्णाच्या सात दशांशाच्या जरा पुढे कधीच जात नाही, त्यामुळे तिथे थांबलं तरी चालतं.

पण कष्ट करण्याआधी एक बघा. कर्णाचे मूळ अवयव पाडा. त्यात ४ ने भागल्यावर १ उरतो अशी एक तरी मूळ संख्या पाहिजे, ५, १३, १७, २९, ३७, ४१ अशी. नसेल तर तो कर्ण कधीच होणार नाही. ७, ११, १९, २३ कर्ण होत नाहीत, २१ पण नाही, ३ आणि ७ दोघंही नापास. उलट ६५ म्हणजे ५ × १३, दोघंही पास, आणि म्हणून त्याला चार त्रिकोण मिळतात: १६-६३, २५-६०, ३३-५६, ३९-५२. यातले १६-६३-६५ आणि ३३-५६-६५ मूळचे, बाकी दोन पटीतले. ५० ला ३०-४० आणि १४-४८. १०० ला ६०-८० आणि २८-९६.

अशा शोधात मुलं रमली की मी त्यांना आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकर सरांचं सांगते, शाळेत शिकवता शिकवता त्यांनी आकड्यांशी खेळून ६१७४ शोधला, १९४९ साली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजा करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो. लागलं काय तर वही आणि चिकाटी. त्रिकुटांनाही तेवढंच लागतं.

दहावीच्या पुस्तकातली कृती, आणि तिथे मुलं कुठे फसतात

पुस्तकात दोन संख्यांवरून त्रिकुट काढायची कृती आहे. एक मोठी, एक छोटी घ्या. वर्गांची वजाबाकी ही एक बाजू, गुणाकाराची दुप्पट दुसरी बाजू, वर्गांची बेरीज हा कर्ण. २ आणि १ वरून ३-४-५, ३ आणि २ वरून ५-१२-१३, ४ आणि १ वरून १५-८-१७, ५ आणि २ वरून २१-२०-२९, ६ आणि १ वरून ३५-१२-३७. दोन्ही संख्या सहमूळ, म्हणजे १ सोडून सामाईक अवयव नसलेल्या, घेतल्या आणि त्यातली एक सम एक विषम ठेवली तर मूळचं त्रिकुटच येतं, आणि जगातलं प्रत्येक मूळचं त्रिकुट असं कुठल्या तरी एकाच जोडीतून येतं. दोन्ही विषम घेतल्या, जसं ३ आणि १, तर ८-६-१० येतं, दुप्पट.

फसगत इथे आहे. मुलांना वाटतं या कृतीने सगळीच त्रिकुटं मिळतात. नाही मिळत. ९-१२-१५ काढून दाखवा, नाही येणार, कारण १५ हे दोन वर्गांच्या बेरजेत बसतच नाही, १ + १४ नाही, ४ + ११ नाही, ९ + ६ नाही. गवंडी लोकांच्या वापरातलं हे त्रिकुट या कृतीतून थेट मिळत नाही! मूळचं काढायचं आणि मग पटीत न्यायचं, दोन पायऱ्या. म्हणून मला स्वतःला बाजू दिलेली असेल तर अवयवांची रीत जास्त भरवशाची वाटते, ती काही सोडत नाही.

उत्तर तपासायला एक सोपी खूण: कुठल्याही त्रिकुटात काटकोनाच्या दोन बाजूंपैकी एकीला ३ ने, एकीला ४ ने भाग जातो (एकच बाजू दोन्ही कामं करू शकते) आणि तिन्हीपैकी एकीला तरी ५ ने. २८-४५-५३ मध्ये २८ ला ४ ने, ४५ ला ३ ने आणि ५ ने. हे जमलं नाही तर गणित चुकलंय. आणि दोन बाजूंच्या बेरजेतून कर्ण वजा करून अर्धा केला की आतल्या वर्तुळाची त्रिज्या येते, ती पण नेहमी पूर्ण संख्याच, ३-४-५ ला १, ५-१२-१३ ला २.

दोन बाजू अगदी सारख्या असलेलं त्रिकुट मात्र कधीच मिळणार नाही, शोधत बसू नका. एकाचा फरक असलेली आहेत, ३-४-५, २०-२१-२९, ११९-१२०-१६९, ६९६-६९७-९८५. यातलं ११९ आणि १६९ बाबिलोनच्या एका मातीच्या पाटीवर पहिल्याच ओळीत आहे, ती पाटी इसवी सनापूर्वी १८०० च्या सुमाराची, आता न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असते. पायथागोरसच्या हजारएक वर्षं आधीची.

वावरात आणि प्लॉटवर

आता आमच्या बागेत चुकलं काय ते. ३-४-५ फुटांचा त्रिकोण धरला आणि तिरक्या मापात फक्त एक इंच चूक झाली, टेप जरा वाकली, खुंटीची जाडी मध्ये आली, दोरी झोल खाल्ली, तर कोन साधारण दोन अंशांनी फिरतो. दोन अंश डोळ्याला दिसत नाहीत. पण ३०० फूट खाली गेल्यावर ते दहा-साडेदहा फूट होतात. आमचे १० फूट तेच. तीच एक इंचाची चूक ३०-४०-५० मध्ये झाली असती तर खाली जेमतेम एक फूट सरकलं असतं, आणि ६०-८०-१०० मध्ये सहा इंच. त्रिकोण दहापट मोठा केला की चूक दहापट लहान होते. आकडे तेच, पट वेगळी, आणि एवढ्याने दोन ओळी वाचतात.

म्हणून जागा मावेल तेवढा मोठा त्रिकोण घ्या. खोलीच्या फरशीला ६०-८०-१०० सेंटीमीटर चालतं पण १५०-२००-२५० मावत असेल तर तेच धरा. घराच्या पायाच्या लाइनआउटला ९-१२-१५ फूट किंवा १५-२०-२५. बागेला किमान ३०-४०-५०.

एका टेपने कसं करायचं: कोपऱ्यात एक खुंटी ठोका. बांधाच्या दोरीवर तिथून ४० फुटांवर दुसरी. टेपचं शून्य कोपऱ्याच्या खुंटीला धरायचं, ८० फुटांची खूण दुसऱ्या खुंटीला धरायची, आणि तिसऱ्या माणसाने ३० फुटांच्या खुणेला चिमटीत पकडून दोन्ही बाजू सारख्या ताठ होईपर्यंत ओढायचं. जिथे ताण बसला तिथे तिसरी खुंटी. कोपऱ्यापासून ३०, दुसऱ्या खुंटीपासून ५०, काटकोन कोपऱ्यात. ३० मीटरची टेप ९८ फूट असते त्यामुळे पुरते. ५० मीटरची फायबर टेप असेल, म्हणजे १६४ फूट, तर खुंट्या ८० फुटांवर ठोका, १६० ची खूण दुसऱ्या खुंटीला आणि ६० ला पकडून ओढा. टेप खुंटीच्या मध्यावर धरायची, बाहेरच्या अंगाला नाही, म्हणजे वर खिळा मारून घ्या आणि खिळ्याला धरा. जमीन उताराची असेल तर टेप जमिनीवर टाकू नका, आडवी लेव्हलला धरून ओळंब्याने खाली खूण घ्या.

हीच रीत शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञाच्या वेदी आखायच्या जुन्या ग्रंथांत आहे, शुल्ब म्हणजेच दोरी. आपस्तंबाच्या शुल्बसूत्रात महावेदी आखताना ३६ अंतरावर दोन खुंट्या आणि ५४ लांबीची दोरी सांगितलीय, दोरीवर १५ ला खूण, टोकं खुंट्यांना बांधायची आणि खूण धरून ओढायचं. १५ इकडे, ३९ तिकडे, १५-३६-३९. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वर वावरात टेप ओढणारे बाबाच दिसले. बौधायनाच्या शुल्बसूत्रात तर त्रिकुटांची यादीच दिलीय, ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४, १२ आणि ३५, १५ आणि ३६.

दोन चुका हमखास होतात. एक, साडेसात फूट म्हणजे ७ फूट ६ इंच, ७ फूट ५ इंच नाही. कॅल्क्युलेटरवर ७.५ दिसतं आणि माणूस टेपवर पाचव्या इंचाला बोट ठेवतो, मी हे डोळ्यांनी बघितलंय. म्हणूनच पूर्ण फुटांचं त्रिकुट घ्या, हा प्रश्नच येत नाही. दोन, प्लॉट २० बाय ३० आहे आणि कोणी सांगतं कर्ण ३६ धरा. २० आणि ३० चा कर्ण पूर्ण येतच नाही, ३६ फूट आणि वर साधारण पाच सूत (इंचाचे आठ सूत) येतो. तिथे अख्ख्या प्लॉटचा कर्ण धरण्यापेक्षा २० च्या बाजूवर १५-२०-२५ बसवा, किंवा अजून मोठा हवा तर २०-२१-२९, तो ३० च्या लांबीत आरामात मावतो. हे आकडे कुठून आले? २० चा वर्ग ४००, आणि ४०० = १० × ४० = ८ × ५०. काढून बघा.

आणि काही झालं तरी शेवटी चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजायचेच. ते सारखे आल्याशिवाय खोदाई सुरू करू देऊ नका, मिस्त्री कितीही घाई करत असला तरी.

मागच्या वर्षी ती जुनी बाग काढली. खोडं निघाली, ट्रॅक्टर फिरला, आणि नव्या लागवडीच्या आखणीला बाबा म्हणाले या वेळी तू ये. सकाळी ऊन चढायच्या आत गेलो, मी, बाबा आणि चुलतभाऊ, ५० मीटरची टेप, खिळे मारलेल्या चार खुंट्या. ६०-८०-१०० धरलं, एकदा झाल्यावर टेप उलटी करून पुन्हा धरलं, दोन्ही वेळा खूण एकाच जागी आली तेव्हा बाबांनी खुंटी ठोकली. मग दोरी ताणत खाली गेलो. वरच्या टोकाला बांधापासून ६ फूट सोडले होते. खालच्या बांधाला बाबांनी स्वतः टेप लावली, वाकून बघितलं, पुन्हा एकदा लावली आणि मोठ्याने सांगितलं, सहा फूट चार इंच.